चिलखत्याची गदा

१

सकाळी सव्वासहाला मंगळूने सभागृहाचं कुलूप काढलं आणि दारातच बोंब ठोकली. "बाई! अहो बाई! गदा नाय!"

तृप्ती तेव्हा नाशिकमधल्या त्या शाळेच्या आवारात स्कूटी लावत होती. आठवीला विज्ञान शिकवायला लागून तिला जेमतेम दोन वर्षं झालेली, आणि आजचा विज्ञान दिन म्हणजे तिचंच लेकरू. महिनाभर ती ना धड जेवली होती ना झोपली. ती पर्स तशीच टाकून धावली.

सभागृहाच्या मधोमध चिलखत्या उभा होता. अँकिलोसॉरस हे त्याचं शास्त्रातलं नाव, पण आठवी ब ची जीभ काही केल्या वळेना, म्हणून पोरांनी त्याचं बारसं करून टाकलं. बारा फूट लांब, बुटका, पसरट. पाठीवर हाडाच्या ढाली, डोक्याला शिंगं, आत बांबूचा सांगाडा आणि वरून कागदाचा लगदा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा प्राणी निवांत पाला चरत हिंडायचा, आणि कुणी अंगावर आलंच तर शेपटीच्या टोकाची हाडांची गदा अशी हाणायचा की समोरच्याचा पाय मोडलाच पाहिजे.

ती गदाच नव्हती. मोठ्या भोपळ्याएवढा तो गोळा शेपटीवरून नाहीसा झाला होता. राहिलं होतं बांबूचं बोडकं टोक.

अकरा वाजता पाहुणे येणार होते. पण तृप्तीला वाटलं, ठीक आहे, काहीतरी जोडजाड करू. हे संकट तेवढंच असतं तर काय हवं होतं!

आरोळी ऐकून माणसं जमली. हस्तकलेचे गोरक्ष सर आले, शिपाई रावजी आला, लवकर आलेले चार-सहा पालक आले. गोरक्ष सरांनी शेपटी पाहिली, दाराचं कुलूप पाहिलं आणि मग त्यांची नजर मंगळूच्या पायाशी गेली. तिथे गोणपाटाचं एक पोतं होतं, तोंड सुतळीने करकचून बांधलेलं. आत काहीतरी गोल होतं. मोठ्या भोपळ्याएवढं.

"मंगळू," गोरक्ष सर म्हणाले, "हे पोतं सोड बघू."

२

मंगळूने पोतं पोटाशी धरलं. "नाय सर. ह्ये नाय सोडता यायचं."

"का?"

"देव हाय."

झालं! एवढ्यावर कुणाचं समाधान होणार? गोरक्ष सर हसले, पालक एकमेकांकडे बघायला लागले.

मंगळू हरसूलकडच्या एका पाड्यावरचा. डोंगरातल्या त्या पाड्यांवर होळीनंतर बोहाडा होतो. देवादिकांचे मुखवटे चढवून माणसं रात्ररात्र नाचतात, आणि एकेका सोंगाचा मान एकेका घराकडे असतो. मंगळूच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या मुखवटे घडवायचं काम. तृप्तीने एकदा त्याच्या हातचा मुखवटा पाहिला आणि हेडसरांच्या मागे लागली, की आपला डायनोसॉर हाच माणूस करील. आणि मंगळूने केलाही, असा की पहिल्या दिवशी पाचवीतली दोन पोरं बघून रडली.

पोत्यात त्याच्या घरचं सोंग होतं. इथूनच रंग घेऊन त्याने ते नव्याने रंगवलं होतं, आणि पाड्याचा नियम असा की रंगवलेलं सोंग त्याच्या दिवसापर्यंत उघडायचं नाही. कुणी म्हणजे कुणीच बघायचं नाही.

हेडसर आले. सावळीराम निकुंभ सर तसे वाईट नव्हते, पण पाहुणे यायचे म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. त्यांनी सगळं ऐकलं. सभागृहाच्या दोनच किल्ल्या. एक रावजीकडे, दुसरी मंगळूकडे, कारण त्याला पहाटे पूजा करायची होती. कुलूप फोडलेलं नाही, खिडक्यांचे गज शाबूत.

"आपल्या नावाची पाटी लावली नाही म्हणून राग आला असेल त्याला," गोरक्ष सर म्हणाले. "काल बोलला होता."

"बोललो व्हतो," मंगळू म्हणाला. "पन म्हनून माझाच जनावर मी मोडंन?"

"मग पोतं उघड आणि मोकळा हो," हेडसर ओरडले. "नाहीतर तू चोर! दहा वाजेपर्यंत गदा मिळाली नाही तर मी पोलिसांना बोलावणार!"

चोर हा शब्द सगळ्यांसमोर उच्चारला गेला. मंगळूचा पुतण्या दत्तू दारात उभा होता. बावीस-तेवीस वर्षांचा, भित्रट. पोलीस म्हटल्याबरोबर तो जो पळाला तो फाटकाबाहेर गेला, आणि समोरच्या रिक्षात बसून एसटी स्टँडकडे पसार झाला.

मंगळू मटकन खाली बसला. "बाई, आज हरसूलचा बाजार हाय. त्यो दत्त्या बाजारात सांगंल. दुपारपत्तुर पाड्यावर समजंल. ज्याच्यावर चोरीचा आळ, त्याच्या घरातून सोंग जातं. कायमचं जातं, बाई. माझ्या पोराच्या पोरालाबी नाय नाचवता येनार."

या माणसाला डोंगरातून तृप्तीनेच आणलं होतं. तेवढ्यात मागून आवाज आला, "मॅडम, जरा बाजूला व्हा. मला शेपूट बघू द्या."

३

प्रयोगशाळेच्या सुलाबाई. अठ्ठावीस वर्षं त्या शाळेत परीक्षानळ्या धूत होत्या, आणि कुठली नळी कुठल्या पोराने फोडली हे त्या नुसत्या काचेवरून सांगायच्या. पोरं त्यांना मुख्याध्यापकांपेक्षा जास्त घाबरत. राहायला बुद्धविहाराजवळच्या कॉलनीत, बालपण दिंडोरीकडच्या खेड्यात, आणि जिभेला हाड नाही.

सुलाबाईंनी चष्मा चढवला आणि शेपटीपाशी उकिडव्या बसल्या.

"मॅडम, हे बघा. गदा बांधलेली सुतळी. हे टोक कसं दिसतंय?"

"सरळ कापलंय."

"विळ्याने नाहीतर पात्याने. म्हणजे हे काम माणसाचं. आता हा लगदा बघा."

बोडक्या टोकाशी लगद्याची एक कड शिल्लक होती. ती फाटलेली होती, वेडीवाकडी. सुलाबाईंनी तिच्यावरून बोट फिरवलं. खालच्या अंगाला बारीक बारीक खाचा होत्या. वरच्या अंगाला काहीच नाही, नुसतं चेपलेलं.

"सुतळी कापणाऱ्याने कागद का फाडावा?" त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "मंगळू, ही गदा कशी केली होतीस रे? पाठीवर तर चकचकीत रंग आहे. तिलाही होता?"

"नाय. तिला रंग नव्हता लावला." मंगळूने मान वर केली. "आमच्यात हत्यार शेवटाला रंगवत्यात. सोंगाच्या हातातली तलवार म्हना, गदा म्हना, पूजा झाल्याबिगर रंग नाय. आज सकाळी लावनार व्हतो. काल निसती तांदळाच्या पिठाची खळ लावून ठिवली."

"खळीत काय घालतोस?"

"घालतो मोरचूद. कीड नाय लागत, उंदीर नाय लागत. कडूजहर व्हतं ना. पन बाई नको म्हनल्या."

तृप्तीचा चेहरा उतरला. "मोरचूद विषारी असतो, सुलाबाई. पोरं हात लावणार, तोच हात तोंडात घालणार. मीच नाही घालू दिला."

"बरोबर केलंत," सुलाबाई म्हणाल्या, पण त्यांचं लक्ष भलतीकडेच होतं. त्या नाक वर करून वास घेत होत्या. "फिनेल. सकाळी सहाला या सभागृहात फिनेल? मॅडम, अठ्ठावीस वर्षांत रावजीने कधी प्रार्थनेआधी झाडू हातात धरलेला मी पाहिला नाही."

४

आधी त्यांनी गोरक्ष सरांना गाठलं. सर स्टेजवर आपल्या थर्माकोलच्या ज्वालामुखीला लाल कागद चिकटवत होते. त्यांच्या अंगठ्याला ताजी पट्टी होती.

"कापलंय वाटतं, सर?"

"पात्याने. थर्माकोल कापताना." सर एकदम तडकले. "सुलाबाई, तुम्ही माझी उलटतपासणी घेताय? हो, मला राग आहे. तीन वर्षं मधली जागा माझ्या ज्वालामुखीची होती, यंदा कोपऱ्यात टाकलंय. पण मी मोडतोड करणारा माणूस नाही. काल आठला मी घरी गेलो. रावजीच कुलूप लावत होता, विचारा त्याला."

"विचारते की. आणि सर, तुमचं गाव कुठलं? घरी शेती ना?"

"निफाड. का?"

"नंतर सांगते."

रावजी पाण्याचं पिंप भरत होता. पन्नाशीचा, गरीब स्वभावाचा, शाळेच्या मागच्या खोलीत एकटा राहणारा. सुलाबाईंकडे न बघताच तो बोलायला लागला. "पाहुणे येणार म्हणून पहाटेच झाडून घेतलं, बाई. फिनेल मारलं. माणसाने काम केलं तरी तुम्हाला संशय?"

"मी कुठे संशय म्हटलं? झाडताना गदा दिसली का तुला शेपटीवर?"

"माझं लक्ष नव्हतं."

"बारा फुटी जनावराभोवती झाडलंस आणि लक्ष नव्हतं?"

"अंधार होता," रावजी म्हणाला आणि नळ बंद करून निघून गेला. पिंप अजून अर्धं रिकामं होतं.

सव्वानऊ झाले होते. हेडसर दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते, आणि मंगळू पोतं पोटाशी धरून तसाच बसला होता. त्याने चहाही घेतला नाही. त्याच्याकडे बघवेना म्हणून तृप्ती भिंतीवरचे तक्ते सरळ करत बसली. मनातून ती स्वतःला लाखोली वाहत होती.

"मॅडम," सुलाबाई अचानक म्हणाल्या, "तो तुमचा तक्ता वाचा. कोण किती उंच चरायचं तो."

तृप्तीला कळेना, पण तिने वाचलं. "लांब मानेचे डायनोसॉर झाडाचे शेंडे खात. चिलखती डायनोसॉर ठेंगणे, त्यांची मान आखूड. जमिनीपासून साधारण तीन फुटांपर्यंतची झुडपं ते आपल्या रुंद चोचीने ओरबाडत."

"आणि शेजारी तो बांबू उभा केलाय, त्याला काय बांधलं होतं?"

"सुबाभळीच्या फांद्या. खऱ्याखुऱ्या. तीन थरांत, म्हणजे पोरांना उंची कळावी." तृप्तीने बांबूकडे पाहिलं आणि ती वाकून खालचा थर चाचपायला लागली.

वरच्या थराचा पाला हिरवागार होता. गुडघ्याच्या आणि कमरेच्या थरावर नुसत्या काटक्या होत्या.

"सकाळी बघितलं मी," ती चाचरत म्हणाली. "वाटलं, वाळून गळला असेल, रावजींनी झाडला असेल."

"एकाच झाडाच्या फांद्या, एकाच वेळी तोडलेल्या. खालच्या तेवढ्या गळतील आणि वरच्या नाहीत, असं होतं का? शिवाय सुतळी तशीच आहे, काटक्या तशाच आहेत. झाडूने देठावरचा पाला निघत नाही, मॅडम." सुलाबाईंनी पदर खोचला. "बोलवा सगळ्यांना. रावजीला आधी."

५

सगळे चिलखत्याभोवती उभे राहिले. हेडसरांच्या कपाळावर आठ्या होत्या.

"सर," सुलाबाई म्हणाल्या, "रात्री इथे कुणीतरी तीन फुटांपर्यंतचं सगळं खाल्लं. पाला खाल्ला आणि गदाही खाल्ली."

"खाल्ली?"

"तांदळाची खळ लावलेला कागद. भिंतीवरच्या पोस्टरांचं काय होतं ते बघता ना रोज? पाठीच्या ढालींना तेलरंग होता, त्यांना तोंड लावलं नाही. रंग नव्हता एकट्या गदेला, मंगळूच्या रीतीमुळे. मोरचूद असता तर तीही वाचली असती, पण तो मॅडमनी पोरांच्या काळजीपोटी घालू दिला नाही. आता ही कड बघा. दाताच्या खुणा खालूनच आहेत, वरून नाहीत. वरच्या जबड्यात पुढचे दात कुणाला नसतात?"

"गुराला," मंगळू पटकन म्हणाला. "गायीला, शेळीला."

"गाय या दारातून यायची नाही, आणि आली असती तर एवढ्या मांडणीचा चुराडा केला असता. शेळी आली होती, सर."

गोरक्ष सर मोठ्याने हसले. "सुलाबाई, मी निफाडचा आहे. शेळी कधी तीन फुटांवर थांबते का? मागच्या दोन पायांवर उभी राहते आणि पाच फुटांवरचा पाला फस्त करते. वरचा थर तिने सोडलाच नसता!"

"म्हणूनच तुमचं गाव विचारलं मी. हेच मलाही खटकत होतं." सुलाबाई वळल्या. "धडधाकट शेळी उभी राहते. पण पोटात दोन-दोन पिल्लं असली, दिवस भरत आले असले, तर तिला उभं राहवतं का, रावजी?"

रावजीच्या तोंडावर रक्ताचा थेंब राहिला नाही.

"कुलूप उघडणारा माणूस, सुतळी कापणारा माणूस, आणि लेंड्या दिसू नयेत म्हणून पहाटे फिनेल मारणाराही माणूसच," सुलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र मऊ झाला होता. "एवढा मोठा गोळा एका रात्रीत शेळी पुरा खात नाही. उरलेला कुठे आहे?"

तेवढ्यात शाळेच्या मागून, रावजीच्या बंद खोलीतून, एक बारीक आवाज आला. कोवळा, थरथरता. पाठोपाठ दुसरा.

"व्याली वाटतं," मंगळू म्हणाला.

रावजी खाली बसून रडायलाच लागला. "सर, मागच्या साली द्वारका चौकातल्या कुत्र्यांनी तिची दोन्ही करडं फाडली माझ्यासमोर. यंदा तुम्ही सांगितलं होतं, आवारात शेळी दिसली तर खोली खाली कर. खोलीतून ओरडली तर बाहेर ऐकू जातं, म्हणून कालची रात्र तेवढी सभागृहात ठेवली. पहाटे पाचला बघतो तर गदेचा नुसता सांगाडा. तो कापला, बंबात घातला. वाटलं, कुणी बाहेरचा चोर समजतील. मंगळूदादावर येईल असं वाटलं नव्हतं, आईशप्पथ! आणि आल्यावर माझं तोंडच उघडेना."

६

हेडसर मंगळूपाशी गेले. "मंगळू, माझं चुकलं."

"मोरचुदाचं मीच अडवलं," तृप्तीही म्हणाली. "पाला गेलेला दिसला, तेही मी सांगितलं नाही. माझंही चुकलं, मंगळूदादा."

मंगळूने पोत्याची सुतळी आणखी आवळली.

"इथे माफी मागून काय उपयोग, सर?" सुलाबाई म्हणाल्या. "आळ तर एसटीत बसून हरसूलला पोचला."

साडेनऊ वाजून गेले होते. पाहुणे अकराला येणार होते. हेडसरांनी घड्याळ पाहिलं, चिलखत्याकडे पाहिलं आणि खिशातून गाडीची किल्ली काढली. "गोरक्ष सर, पाहुण्यांना तुम्ही सांभाळा. मंगळू, रावजी, चला. मॅडम, तुम्हीपण."

गाडी निघताना तृप्तीने मागे वळून पाहिलं. सुलाबाई एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहीत होत्या: 'गदा शेळीने खाल्ली. गदेचे चित्र तक्त्यावर पाहावे.' आणि पोरांची ही गर्दी जमली होती.

हरसूलच्या बाजारात साडेअकराला माणूस माणसाला घासत होता. मंगळू गाडीतून उतरला आणि तृप्तीच्या लक्षात आलं, बातमी पोचली होती. नागली विकणाऱ्याने मान फिरवली. दोन बाया बोलता बोलता गप्प झाल्या. दत्तू सुकटीच्या दुकानाआड लपला होता, आणि दुकानापुढे ठमाबाई बसली होती. बोहाड्यात कुठलं सोंग कधी निघायचं आणि कुणी नाचवायचं, ते तिच्या ओट्यावर ठरायचं. वय सत्तरीच्या पुढचं, पण नजर अशी की समोरच्याने खोटं बोलूच नये.

"मंगळू, दत्त्या सांगतो ते खरं का?"

मंगळूच्या ऐवजी रावजी पुढे झाला. एवढ्या माणसांसमोर तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. त्याने शेळीपासून बंबापर्यंत सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ऐकता ऐकता लोक हसायला लागले. एक जण म्हणाला, "म्हंजी चोर शेळी!" आणि सगळा बाजार खदखदला.

ठमाबाई हसली नाही. "करडं कशी हायत?"

"दोन्ही चांगली आहेत, आजी."

"बरं." ती हेडसरांकडे वळली. "मास्तर, तुमी याला चोर म्हनला, तवा तिथं किती मानसं व्हती?"

"दहा-बारा."

"हितं दोनशे हायत. आता बोला."

हेडसर बाजूच्या दगडी पारावर चढले. शाळेत प्रार्थनेला लावतात तो आवाज त्यांनी लावला. "मंगळू चोर नाही! मी न बघता, न विचारता त्याला चोर म्हटलं. चूक माझी. मी, सावळीराम निकुंभ, हात जोडून त्याची माफी मागतो."

कोंबड्यांचा आवाज तेवढा येत होता.

"ऐकलं ना समद्यांनी?" ठमाबाई म्हणाली. "मग घरी जाऊन सांगा. मंगळू, होळी आठ दिवसांवर आली, आन्‌ तू हितं काय उभा ऱ्हायला? पाय मोकळं कर, सराव कर. तुझं सोंग तूच नाचवायचं हाय."

एवढं ऐकलं आणि सकाळपासून कोरड्या डोळ्यांनी बसलेला मंगळू भर बाजारात हमसून हमसून रडला.